स्थानिक कारभारात तरुणांना खरा वाटा कसा द्यावा

बहुतेक स्थानिक संस्था तरुणांना बोलावतात, पण जेव्हा बोलावतात तेव्हा ठरवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. बागेचा आराखडा मंजूर झालेला असतो, निविदा निघालेली असते आणि मग ‘युवकांचे मत जाणून घेण्यासाठी’ सभा भरवली जाते. हे वरातीमागून घोडे आहे. सभेला आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना ते पहिल्या अर्ध्या तासातच कळते, आणि पुढच्या सभेला ती येत नाहीत. मग ‘तरुणांना स्थानिक प्रश्नांत रस नाही’ असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात. तरुणांना सहभागी करून घेण्याच्या कामाची सुरुवात तरुणांपासून करायचीच नसते, ती संस्थेच्या स्वतःच्या टेबलापासून करायची असते. कोणता निर्णय अजून खुला आहे आणि त्यातला किती भाग आपण खरोखर सोडायला तयार आहोत, हे आधी ठरवायला हवे. नगरपालिका, ग्रामसंस्था, प्रभाग समिती किंवा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संघटना यांपैकी कोणालाही हे काम हाती घ्यायचे असेल, तर त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी अशीच शिडी मांडली होती आणि हार्ट यांची कल्पना तिच्यावरूनच आलेली आहे. हार्ट यांच्या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते प्रतिनिधित्व देणे. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. चौथ्या पायरीवर काम मोठ्यांनी नेमून दिलेले असते, पण ते का आणि कशासाठी आहे याची मुलांना पूर्ण कल्पना दिलेली असते, आणि खरा सहभाग इथून सुरू होतो. ही शिडी वाचून अनेकांना वाटते की प्रत्येक उपक्रम सर्वांत वरच्या पायरीवर, म्हणजे तरुणांनीच सुरू केलेला आणि मोठ्यांच्या साथीने निर्णयापर्यंत नेलेला असला पाहिजे. माझ्या मते तसा हट्ट धरू नये. चौथ्या पायरीवर प्रामाणिकपणे उभा असलेला उपक्रम आठव्या पायरीचे नाव लावून तिसऱ्या पायरीवर चालणाऱ्या उपक्रमापेक्षा कितीतरी चांगला. तुम्ही नेमके कोणत्या पायरीवर आहात हे तरुणांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणे महत्त्वाचे आहे.

आधी निर्णय निवडा

तरुणांपुढे ठेवायचा विषय निवडताना चार गोष्टी तपासाव्यात. निर्णय अजून झालेला नसावा. तो तुमच्या संस्थेच्या अधिकारात असावा, कारण वरच्या सरकारकडे केवळ शिफारस पाठवण्याचे काम तरुणांच्या गळ्यात मारले, तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. त्याचा परिणाम त्यांच्या रोजच्या आयुष्यात जाणवणारा असावा. चौथी गोष्ट बहुधा विसरली जाते. निर्णयाचे फळ त्यांना स्वतःला पाहता येईल इतक्या लवकर ते दिसायला हवे. मोठ्या माणसाला पाच वर्षांचा आराखडा जवळचा वाटतो, पण पंधरा वर्षांच्या मुलीचे शिक्षण, राहण्याचे ठिकाण आणि मित्रमैत्रिणी पाच वर्षांत बदललेल्या असतात. म्हणून दीर्घ मुदतीच्या विषयाबरोबर काही महिन्यांत पूर्ण होईल असा एखादा छोटा विषयही जोडून द्यावा.

प्रश्न कसा विचारतो यावर उत्तराचा दर्जा ठरतो. ‘वाचनालयाबद्दल तरुणांना काय वाटते?’ असे विचारले तर ‘पुस्तके वाढवा, संगणक आणा’ अशी यादी येईल, आणि त्या यादीचे काय करायचे ते कोणालाच कळणार नाही. त्याऐवजी असे विचारून पाहा: ‘वाचनालय आठवड्यात एकूण 42 तास उघडे असते आणि कर्मचारी वाढवता येणार नाहीत. हे तास दिवसात आणि आठवड्यात कसे वाटावेत?’ आता तरुणांपुढे खरी अडचण आहे. परीक्षेच्या काळात रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवायचे तर सकाळचा कोणता तास सोडायचा, सकाळी वृत्तपत्रे वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांचे काय, रात्री परतणाऱ्या मुलींसाठी बाहेरच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे प्रश्न त्यांचे तेच काढतील. मर्यादा लपवून ठेवणे म्हणजे तरुणांना लहान लेखणे. मर्यादा उघड केल्या की चर्चेला वजन येते.

यानंतर एका पानाचा लेखी करार करावा. निर्णय कोणता, त्यातला कोणता भाग ठरून गेला आहे आणि कोणता खुला आहे, अंतिम सही कोणाची, तरुणांची शिफारस बंधनकारक आहे की सल्ला म्हणून आहे, उत्तर किती दिवसांत मिळेल, हे त्यात साध्या भाषेत असावे आणि त्याखाली संस्थेच्या प्रमुखाची सही असावी. अनेक अधिकाऱ्यांना हा कागद अडचणीचा वाटतो, कारण त्यामुळे हात बांधले जातात. पण हात बांधून घ्यायची तयारी आहे की नाही, हे ठरवण्याची हीच वेळ आहे. तयारी नसेल तर तरुणांना बोलावू नये, नुसती माहिती द्यावी आणि तिला माहितीच म्हणावे.

पैशाचा प्रश्न टाळू नका

अधिकार कोणाच्या हातात आहे हे शेवटी अंदाजपत्रकातच दिसते. लोकांनी थेट अंदाजपत्रकात भाग घेण्याची पद्धत ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात 1989 मध्ये सुरू झाली आणि पुढे जगभर पसरली. त्याच देशातल्या बारा मान्सा शहराने 1998 मध्ये मुलांचे सहभागी अंदाजपत्रक सुरू केले. तिथे मुलांची वस्तीपातळीवरच्या सभांमधून निवड होत असे, आणि त्यांच्या परिषदेत मुली आणि मुलगे समान संख्येने असतील अशी व्यवस्था होती. महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा एक भाग कशावर खर्च करायचा, हे ती परिषद ठरवत असे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने 2014 मध्ये भांडवली अंदाजपत्रकातले (म्हणजे बांधकामासारख्या एकदाच करायच्या खर्चाच्या तरतुदीतले) 10 लाख डॉलर तरुणांच्या निर्णयावर सोडले आणि 12 ते 25 वर्षे वयाच्या रहिवाशांना मतदानाचा हक्क दिला. तरुणांनी निवडलेल्या कामांत खेळाच्या जागेची सुधारणा, भित्तिचित्रांसाठी जागा आणि शाळांसाठी लॅपटॉप अशा गोष्टी होत्या. तरुणांच्या हाती पैसा दिला तर तो उधळला जाईल अशी भीती बाळगणाऱ्यांनी ही यादी जरूर पाहावी.

रक्कम मोठी असण्याची गरज नाही, पण ती ठरलेली, जाहीर केलेली आणि त्याच कामासाठी राखून ठेवलेली असावी. पद्धत साधारणपणे अशी असते: आधी सर्वांकडून कल्पना मागवायच्या, मग काही तरुणांनी त्या त्या विभागाच्या अधिकाऱ्यांबरोबर बसून कल्पनांचे प्रस्ताव तयार करायचे, त्यांची किंमत काढायची, प्रस्ताव सर्वांपुढे मांडायचे, मतदान घ्यायचे आणि निवडलेले काम करून दाखवायचे. यातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा किंमत काढण्याचा आहे. समजा, मैदानावर दिवे हवेत असा प्रस्ताव आला. अभियंत्याने ‘हे शक्य नाही’ किंवा ‘बघू’ असे म्हणून मोकळे होऊ नये. त्याने तरुणांबरोबर मैदानावर जावे. खांब किती लागतील, वीजजोडणी कुठून घ्यावी लागेल, खोदाई किती, उजेडाने शेजारच्या घरांना त्रास होईल का, दिवे कधी बंद करायचे, हे तिथे उभे राहून मोजावे आणि लिहून काढावे. त्यानंतर खांब एकदाच बसवायचे असले तरी विजेचे बिल दर महिन्याला येणार आणि बिघडलेला दिवा कोणीतरी बदलायचा आहे, हा भांडवली आणि चालू खर्चातला फरक कागदावर दिसेल असा मांडावा. एवढे झाल्यावर ‘मग सहाऐवजी चार खांब लावू आणि वेळ ठरवून देऊ’ असे एखादी मुलगी म्हणाली, तर ती खऱ्या अर्थाने कारभारात उतरली असे समजावे. अधिकाऱ्यांच्या कामाच्या वेळेत या बैठकांसाठी जागा करून द्यायला हवी. ते वरचे काम म्हणून त्यांच्यावर लादले, तर ते उरकण्याचाच प्रयत्न करतील.

कोण येत नाही ते पाहा

शाळेला पत्र पाठवून ‘दोन हुशार विद्यार्थी पाठवा’ असे सांगणे सर्वांत सोपे आहे आणि म्हणूनच सर्वत्र तेच होते. त्यातून वक्तृत्व स्पर्धेत भाग घेणारी, घरून पाठिंबा असलेली, बहुतेकदा एकाच थरातली मुले येतात. ती चांगलीच असतात, त्यांना वगळायचे कारण नाही. पण शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळणारी मुलगी, चाकाच्या खुर्चीतून फिरणारा तरुण, दुसऱ्या प्रदेशातून येऊन राहिलेल्या कुटुंबातली आणि स्थानिक भाषा अजून नीट न बोलणारी मुले यांच्यापर्यंत ते पत्र पोहोचतच नाही, आणि स्थानिक सेवांची गरज यांनाच जास्त असते.

यासाठी एकाच पद्धतीवर अवलंबून राहू नये. काही जागा निवडणुकीने, काही चिठ्ठ्या टाकून आणि काही जागा विशिष्ट गटांसाठी राखून भरल्या तर गट अधिक सर्वसमावेशक होतो. चिठ्ठीने निवडण्याची पद्धत मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण जो स्वतःहून कधीच पुढे आला नसता त्याला ती ‘तुझेही मत हवे आहे’ असे सांगते. निमंत्रण पत्राने न पाठवता माणसाने द्यावे: कामाच्या ठिकाणी, खेळाच्या मैदानावर, बसथांब्यावर, तरुण जिथे आधीच जमतात तिथे जाऊन. एखाद्या गटाशी तुमचा संबंधच नसेल तर त्यांच्यात आधीपासून काम करणाऱ्या माणसाला सोबत घ्यावे.

मग येण्यातले अडथळे एकेक करून दूर करावेत. सभा शाळेच्या किंवा कामाच्या पाळीच्या वेळेत ठेवू नये. प्रवासखर्च नंतर बिल सादर केल्यावर देण्याऐवजी आधी किंवा त्याच दिवशी हातात द्यावा, कारण ज्याच्याकडे आज जायला पैसे नाहीत त्याला महिन्याने मिळणाऱ्या परताव्याचा उपयोग नाही. कामाचा दिवस बुडणार असेल तर मानधन द्यावे. समितीवरच्या तज्ज्ञाला भत्ता मिळतो आणि तरुणाला प्रमाणपत्र मिळते, हा भेद सर्वांच्या लक्षात येतो.

बैठक अशी चालवा

संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या 12 व्या कलमाने मुलाला स्वतःशी संबंधित सर्व बाबतींत मत मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या मताला वय व समज यांनुसार योग्य वजन दिले जावे असेही म्हटले आहे. या कलमाचा विचार करताना बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी 2007 मध्ये चार गोष्टींची गरज मांडली: मत बनवण्यासाठी सुरक्षित जागा, ते मांडण्यासाठी मदत, ते ऐकणारा श्रोता आणि त्याचा प्रत्यक्ष प्रभाव. पहिल्या दोन गोष्टींवर संस्था बराच खर्च करतात. तिसऱ्या गोष्टीची व्यवस्था क्वचितच असते. तरुण मन लावून बोलतात आणि समोर बसलेल्या माणसाला निर्णयाचा अधिकारच नसतो. म्हणून बैठक ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकणारी व्यक्ती त्या दिवशी पूर्ण वेळ खोलीत असेल का? नसेल तर तारीख बदलावी.

मोठ्यांच्या समितीत एकट्या तरुणाला कधीही बसवू नये. किमान दोघे किंवा तिघे असावेत, म्हणजे एकमेकांकडे पाहून बोलायला धीर येतो आणि ‘सगळ्या तरुणांच्या वतीने सांग’ असा अशक्य भार एकावर पडत नाही. विषयपत्रिका आठवडाभर आधी द्यावी आणि तीही समजेल अशी असावी. ‘विषय क्र. 7: घनकचरा संकलन मार्गांच्या सुसूत्रीकरणाबाबत प्राप्त अहवालाचे अवलोकन करून निर्णय घेणे’ हे वाक्य वाचून अनेक प्रौढ सदस्यही मान डोलावतात आणि पान उलटतात. त्याच्याच खाली साध्या भाषेत लिहावे: ‘कचऱ्याची गाडी काही रस्त्यांवर दोनदा जाते आणि काही रस्त्यांवर जातच नाही. नवा मार्ग ठरवायचा आहे. सोबत नकाशा आहे. तुमच्या रस्त्यावर गाडी किती वाजता येते ते पाहून या.’ याचा फायदा सर्वांनाच होतो.

तरुणांचा विषय सभेच्या शेवटी, निम्मे सदस्य उठून गेल्यावर घेऊ नये. तो सुरुवातीला घ्यावा. बैठकीआधी अर्धा तास त्यांच्याबरोबर बसून विषय समजावून द्यावेत आणि मुद्दे त्यांनाच लिहू द्यावेत. त्यांची भाषणे मोठ्यांनी लिहून देऊ नयेत. वाक्य अडखळत आले तरी चालेल, ते त्यांचे असावे. अध्यक्षांनी मध्येच ‘शाब्बास, किती छान बोललीस’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. इतर सदस्यांच्या मुद्द्यावर जसा प्रश्न विचारतात तसाच तिच्या मुद्द्यावर विचारावा, आणि पटले नाही तर तसे सांगून कारण द्यावे. तरुणाचा मान राखण्याचा माझ्या माहितीतला हा सर्वांत चांगला मार्ग आहे. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारी वाक्ये टाळलेली बरी.

सुरक्षिततेत कसूर करता कामा नये. सज्ञान नसलेल्यांसाठी पालकांची संमती तर हवीच, पण मुलाची स्वतःचीही हवी. छायाचित्र छापण्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी आणि ‘नको’ म्हणाल्यास कारण विचारू नये. वादग्रस्त विषयावर जाहीरपणे बोललेल्या मुलीला नंतर समाजमाध्यमांवर त्रास होऊ शकतो. तसे झाल्यास कोणाला सांगायचे, संस्था काय करेल, हे आधीच ठरलेले असावे.

उत्तर द्या, लेखी द्या

सहभाग मोडतो तो बहुतेक वेळा बैठकीनंतरच्या शांततेत. शिफारस दिली आणि पुढे काहीच कळले नाही, यापेक्षा ‘नाही’ हे स्पष्ट उत्तर कितीतरी सुसह्य असते. करारात दिलेल्या मुदतीत प्रत्येक मुद्द्यावर लेखी उत्तर जावे, आणि ते पुढीलप्रमाणे सरळ असावे: ‘तुम्ही रविवारी वाचनालय उघडण्याची सूचना केली. ती मान्य आहे. पुढच्या महिन्यापासून रविवारी सकाळी 9 ते 1 वाचनालय उघडे राहील आणि सोमवारी बंद राहील. रात्री 10 पर्यंत उघडे ठेवण्याची सूचना मान्य करता आली नाही, कारण त्या वेळी दोन कर्मचारी लागतात आणि सध्या एकच उपलब्ध आहे. परीक्षेच्या महिन्यात तात्पुरता कर्मचारी घेता येईल का, हे आस्थापना विभाग तपासत आहे. त्याचे उत्तर 15 तारखेपर्यंत कळवू.’ यात काय झाले, काय झाले नाही, का झाले नाही आणि पुढे कधी कळेल, हे सगळे आहे. ‘आपल्या सूचनांचा सकारात्मक विचार केला जाईल’ असे पत्र पाठवणे म्हणजे तोंडाला पाने पुसणे होय. उत्तर सभागृहात वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात नोंदवावे, म्हणजे ते कोणा एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहत नाही.

एकदा झाले, आता कायमचे

फ्रान्समधल्या शिल्टिगहाइम या गावाने 1979 साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, मुलांची नगरपरिषद स्थापन केली आणि पुढे त्या देशातल्या अनेक नगरपालिकांनी तोच मार्ग धरला. फिनलंडने तर 2015 च्या स्थानिक शासन कायद्यात युवा परिषद किंवा तशा स्वरूपाचा गट नेमणे पालिकांना बंधनकारक केले आणि तरुणांच्या जीवनाशी संबंधित बाबींच्या नियोजनात त्या गटाला प्रभाव पाडण्याची संधी दिली पाहिजे असे सांगितले. कायद्याने परिषद आली म्हणून ती आपोआप जिवंत राहत नाही, हे खरेच आहे. पण उत्साही अध्यक्ष बदलला की उपक्रमही संपतो, हा धोका कायद्यामुळे किंवा निदान सभागृहाच्या ठरावामुळे कमी होतो. कायदा तुमच्या हातात नसेल तर ठराव करून घ्यावा. त्यात परिषदेची मुदत, वर्षाची तरतूद, नेमून दिलेला कर्मचारी आणि विषय समित्यांमध्ये बोलण्याचा हक्क या चार गोष्टी असाव्यात. कर्मचारी नसेल तर बाकीच्या तीन गोष्टी कागदावरच राहतात.

मतदानाच्या वयाचा प्रश्न इथे नेहमी निघतो. ब्राझीलने 1988 च्या राज्यघटनेत आणि ऑस्ट्रियाने 2007 मध्ये 16 व्या वर्षी मतदानाचा हक्क दिला. स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याच्या प्रश्नावरच्या 2014 च्या सार्वमतात 16 व 17 वर्षांच्या तरुणांनी मतदान केले आणि पुढे तिथल्या स्थानिक निवडणुकांतही त्यांना तो हक्क मिळाला. माझे मत या बदलाच्या बाजूने आहे. पण ते काम संसदेचे आहे, आणि वर सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट करण्यासाठी त्याची वाट पाहावी लागत नाही.

वर्षाच्या शेवटी अहवाल लिहिताना किती तरुण आले, किती कार्यशाळा झाल्या, हे आकडे दुय्यम ठेवावेत. तरुणांमुळे कोणता निर्णय बदलला, कोणता खर्च इकडचा तिकडे झाला आणि कोणत्या शिफारशीचे उत्तर अजून दिलेले नाही, हे आधी लिहावे. अहवालाचा मसुदा छापण्याआधी त्यांच्याकडे पाठवावा आणि त्यांचे म्हणणे वेगळे असेल तर तेही तसेच छापावे.

युवा परिषदेतले सदस्य मोठे होऊन बाहेर पडतात, हे मात्र टाळता येत नाही, म्हणून त्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी. सगळ्यांची मुदत एकदम संपू नये. दरवर्षी निम्म्या जागा भराव्यात, म्हणजे अनुभवी आणि नवे एकत्र काम करतात. मंजूर झालेल्या पण अपूर्ण राहिलेल्या कामांची यादी, प्रत्येक विभागात कोणाशी बोलायचे त्यांची नावे, आधीच्या शिफारशी आणि त्यांना आलेली उत्तरे, हे सगळे एका फाइलमध्ये ठेवून ती फाइल जाणाऱ्या सदस्यांनी येणाऱ्यांना एका संयुक्त बैठकीत सोपवावी. त्या बैठकीला नेमलेला कर्मचारी हजर असावा आणि अपूर्ण कामांच्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व तारीख लिहूनच बैठक संपवावी.